बंदिस्त पेटीतील उष्णता आणि ग्रामीण दूरध्वनी केंद्र : एक ऐतिहासिक विवेचन

सारांश

इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या इतिहासलेखनात वेग, क्षमता व किंमत या तीन बाबींना नेहमीच अग्रस्थान मिळाले आहे. यंत्र ज्या पेटीत बसविले जाते त्या पेटीतील उष्णतेचा प्रश्न मात्र बहुधा तळटीपेतच राहिला. प्रस्तुत शोधनिबंधात या उपेक्षित प्रश्नाचा ऐतिहासिक आढावा घेण्यात आला असून, सी-डॉट या भारतीय संस्थेने १९८० च्या दशकात विकसित केलेल्या वातानुकूलनविरहित ग्रामीण दूरध्वनी केंद्राचे उदाहरण केंद्रस्थानी ठेवले आहे. यंत्राच्या रचनेत त्याच्या निर्मात्याच्या देशाचे हवामान व वीजपुरवठा गृहीत धरलेले असतात आणि ही गृहीतके बदलल्याशिवाय तंत्रज्ञान दुसऱ्या समाजात रुजत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : उष्णता, अभिसरण, वातानुकूलन, दूरध्वनी केंद्र, सी-डॉट, ग्रामीण विकास, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना

कोणत्याही इलेक्ट्रॉनिक यंत्राला पुरविलेली वीज अखेरीस जवळजवळ संपूर्णपणे उष्णतेत रूपांतरित होते. दिवा प्रकाश देतो, मोटार चाक फिरविते. परंतु आकडेमोड करणारे किंवा दूरध्वनी जोडणारे यंत्र आपल्या श्रमाची दृश्य खूण मागे ठेवीत नाही. त्याचे कार्य संदेशाच्या रूपाने बाहेर पडते आणि त्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पेटीत साचते. ही उष्णता बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही तर पेटीतील तापमान वाढत जाते आणि त्यातील घटकभाग अकाली निकामी होतात.

पेटी उघडी ठेवावी तर धूळ, ओल, कीटक व पाली आत शिरतात. ती बंद करावी तर उष्णता कोंडते. हा पेच वरवर पाहता केवळ अभियंत्यांचा वाटतो. परंतु ज्या देशात उन्हाळ्यातील तापमान ४५ अंश सेल्सियसपर्यंत जाते, पावसाळ्यात हवा दमट असते आणि खेड्यातील वीजपुरवठ्याचा भरवसा नसतो, तेथे हाच पेच सामाजिक स्वरूप धारण करतो. यंत्राला थंड खोली लागत असेल, तर थंड खोली परवडणाऱ्या शहरालाच ते यंत्र मिळते. या दृष्टीने पेटीतील उष्णतेचा इतिहास हा तंत्रज्ञानाच्या वाटपाचाही इतिहास ठरतो.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. बंदिस्त पेटीतील उष्णतेच्या निचऱ्यामागील तत्त्वे स्पष्ट करणे.
२. इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या शीतकरणातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
३. भारतीय ग्रामीण दूरध्वनी केंद्राच्या रचनेतील उष्णताविचाराचे महत्त्व तपासणे.
४. त्यातून तंत्रज्ञानाच्या स्वीकाराविषयी काही निष्कर्ष काढणे.

प्रस्तुत विवेचनासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून आवश्यक तेथे साध्या गणिती उदाहरणांचा आधार घेतला आहे.

पेटीतील उष्णतेचे गणित

उष्णता वहन, अभिसरण व प्रारण या तीन मार्गांनी स्थलांतर करते. पेटीतील घटकभागाची उष्णता प्रथम सर्किट बोर्डात व धातूत वहनाने पसरते; तेथून ती आतील हवेत जाते; हवा ती पेटीच्या भिंतींना देते; आणि भिंतींमधून ती अभिसरण व प्रारण यांच्याद्वारे बाहेरच्या हवेत मिसळते. या साखळीतील सर्वांत दुबळा दुवा हवेचा आहे, कारण हवा ही उष्णतेची अत्यंत मंद वाहक आहे.

रंग दिलेल्या पोलादी कपाटाच्या पृष्ठभागातून, पंखा नसताना, प्रत्येक चौरस मीटरमागे व प्रत्येक अंश तापमानफरकामागे साधारणतः साडेपाच वॅट उष्णता बाहेर पडते असे व्यवहारात धरले जाते. ६० सेंमी रुंद, ६० सेंमी खोल व १०० सेंमी उंच अशा कपाटाच्या चार बाजू व माथा मिळून पावणेतीन चौरस मीटर क्षेत्र होते. अशा कपाटात १५० वॅटचे यंत्र अखंड चालू ठेवले तर आतील हवा बाहेरच्यापेक्षा सुमारे १० अंशांनी तापते. बाहेर ४२ अंश असतील तर आत ५२ अंश होतात. आता कपाटाची प्रत्येक बाजू निम्मी केली आणि यंत्र तेच ठेवले, तर पृष्ठभाग एक चतुर्थांश उरतो आणि तापमानातील वाढ ४० अंशांच्या घरात जाते. यंत्र लहान करणे हे प्रगतीचे लक्षण मानले जाते. परंतु विजेचा वापर त्याच प्रमाणात कमी झाला नाही तर लहान पेटी ही भट्टी ठरते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

पेटीला खाली व वर झरोके ठेवले तर चित्र बदलते. तापलेली हवा हलकी होऊन वरच्या झरोक्यातून निघते व तिची जागा खालून येणारी थंड हवा घेते. चुलीवरच्या धुराड्याचे तत्त्व तेच. झरोक्यांमधील उभे अंतर जितके अधिक, तितका हा ओघ जोमदार. १०० वॅट उष्णता १० अंशांच्या वाढीत वाहून नेण्यासाठी मिनिटाला सुमारे ५०० लिटर हवा लागते. हे काम पंखा सहज करतो. परंतु पंखा हवेबरोबर धूळही आत ओढतो, त्याची गाळणी तुंबते आणि फिरणारा भाग असल्याने तो स्वतःच झिजतो. गाळणी साफ करण्यास माणूस नसलेल्या ठिकाणी पंखा हा उपाय न राहता बिघाडाचे नवे कारण बनतो.

उष्णतेने यंत्राचे आयुष्य घटते याला रासायनिक कारण आहे. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये तापमान व रासायनिक प्रक्रियेचा वेग यांतील संबंध मांडला. पुढे त्यावरून, दर १० अंशांच्या वाढीमागे आयुष्य निम्मे होते, असा ढोबळ नियम रूढ झाला. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर व शिसे-आम्ल बॅटरी यांना तो बऱ्याच अंशी लागू पडतो. सर्वच घटकभागांना तो सरसकट लावणे मात्र योग्य नाही, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले आहे. अनेकदा उच्च तापमानापेक्षा तापमानातील वारंवार होणारे चढउतार अधिक घातक ठरतात, कारण त्यामुळे डाखाचे सांधे पुनःपुन्हा प्रसरण-आकुंचन पावून तडकतात.

निर्वात नलिकांपासून चिपपर्यंत

१९४६ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जगापुढे आलेल्या एनिॲक या संगणकात सुमारे १८,००० निर्वात नलिका होत्या व त्याचा वीजवापर दीडशे किलोवॅटच्या आसपास होता. नलिकेतील तंतू तापल्याखेरीज ती कामच करीत नसल्याने उष्णता हा या यंत्राचा दोष नव्हता, स्वभाव होता. त्यासाठी मोठ्या झोताच्या पंख्यांची व्यवस्था करावी लागली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार होऊन १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफरॅक या भारतीय संगणकातही सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या.

१९४७ मधील ट्रान्झिस्टरच्या शोधानंतर उष्णतेचा प्रश्न मिटेल अशी अपेक्षा निर्माण झाली. एका घटकभागापुरती ती खरीही ठरली. परंतु घटकभाग लहान झाल्याने ते अधिकाधिक दाटीने बसविले गेले आणि वेगाच्या स्पर्धेत प्रत्येक चौरस सेंटिमीटरमागील उष्णता पुन्हा वाढली. १९७६ मधील क्रे-१ या महासंगणकाचा वीजवापर ११५ किलोवॅट होता आणि त्याच्या चौकटीतून फ्रीऑनच्या नळ्या खेळविल्या होत्या. आयबीएमने १९८० मध्ये जाहीर केलेल्या ३०८१ या संगणकात चिपवर टेकणारे धातूचे दट्टे, हेलियम वायू व थंड पाणी अशी त्रिस्तरीय योजना होती. म्हणजेच श्रीमंत संस्थांच्या यंत्रांसाठी उष्णतेला उत्तर शोधले गेले ते अधिक शीतकरणाचे. उष्णता मुळातच कमी निर्माण करावी, ही दुसरी वाट सीमॉस या अल्पवीज परिपथप्रकारामुळे १९६० च्या दशकापासून उपलब्ध होती. या प्रकारात परिपथ स्थिर असताना वीज जवळजवळ लागत नाही. ती प्रामुख्याने स्थिती बदलताना खर्च होते. आरंभी हा प्रकार मंदगती असल्याने घड्याळे व तत्सम बॅटरीवरील साधनांपुरता सीमित राहिला.

पंख्याविना पेटी : एक अयशस्वी प्रयोग

पंखा नसलेली पेटी ही कल्पना त्याच काळात एका वेगळ्याच कारणाने पुढे आली. अमेरिकेतील ॲपल कंपनीने १९८० मध्ये ॲपल थ्री हा संगणक बाजारात आणला. तो निःशब्द असावा या आग्रहाने त्यातून पंखा व झरोके वगळण्यात आले आणि ॲल्युमिनियमच्या जड तळाने उष्णता वाहून न्यावी अशी योजना केली गेली. सुरुवातीच्या यंत्रांत चिपा खोबणीतून सैल होण्याचे प्रकार घडले आणि सुमारे १४,००० यंत्रे बदलून द्यावी लागली. या अपयशाचे संपूर्ण खापर उष्णतेवर फोडता येत नाही. दाटीवाटीचा सर्किट बोर्ड व सदोष खोबणी यांचाही त्यात वाटा होता असे मत मांडले गेले आहे. तथापि पेटीचा आकार व रूप आधी ठरले आणि आतील विजेचा हिशेब नंतर त्यात बसविला गेला, हा क्रम येथे लक्षणीय आहे. पुढील उदाहरणात नेमका याच्या उलट क्रम दिसतो.

वातानुकूलित एक्स्चेंज आणि भारतीय खेडे

१९८० मध्ये भारतात पंचवीस लाखांहून कमी दूरध्वनी होते व त्यांतील बहुतेक मोजक्या शहरांत एकवटलेले होते. सुमारे सहा लाख खेड्यांपैकी ९७ टक्के खेड्यांत दूरध्वनी पोहोचलेला नव्हता, असे सॅम पित्रोदा यांनी नोंदविले आहे. देशातील केंद्रे प्रामुख्याने स्ट्रोजर व क्रॉसबार या विद्युत-यांत्रिक प्रकारची होती. १९८२ मध्ये फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेल या कंपनीशी करार होऊन ई-१०बी या अंकीय केंद्राचे उत्पादन उत्तर प्रदेशातील मनकापूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमार्फत करण्याचे ठरले. हे तंत्रज्ञान उत्तम होते. परंतु ते हजारो वाहिन्यांच्या शहरी केंद्रासाठी व वातानुकूलित खोलीसाठी घडविलेले होते.

अशा केंद्राची लहान प्रतिकृती खेड्यात नेणे शक्य नव्हते. वातानुकूलन यंत्राला लागणारी वीज ही खुद्द केंद्राच्या विजेत मोठी भर घालते. वीज गेल्यावर बॅटरीवर केंद्र चालू ठेवता येते. वातानुकूलन तितक्या काळ चालविणे परवडत नाही. परिणामी वीज जाताच केंद्र चालू राहते व खोली तापू लागते. वीज परत आल्यावर खोली झपाट्याने थंड होते. दिवसातून अनेकदा असे घडले तर डाखाच्या सांध्यांवर ताण येतो आणि पावसाळ्यात थंड झालेल्या धातूवर दव साठण्याची शक्यता निर्माण होते. म्हणजे अनियमित विजेच्या प्रदेशात वातानुकूलन हे संरक्षण न ठरता धोका ठरू शकते. डिझेल जनित्र बसवून हा प्रश्न सोडविता येतो. पण शंभर वाहिन्यांच्या उत्पन्नातून जनित्र, इंधन व देखभाल करणारा कर्मचारी यांचा खर्च निघत नाही. अशा रीतीने एका शीतकरणाच्या अटीमुळे खेडे दूरध्वनीच्या नकाशाबाहेर राहत होते.

किट्टूरचे केंद्र

ऑगस्ट १९८४ मध्ये केंद्र शासनाने सेंटर फॉर डेव्हलपमेंट ऑफ टेलिमॅटिक्स, अर्थात सी-डॉट, ही स्वायत्त संस्था स्थापन केली. सॅम पित्रोदा हे तिचे प्रेरक होते, तर जी. बी. मीमांसी यांनी कार्यकारी संचालक म्हणून धुरा सांभाळली. ३६ महिने व ३६ कोटी रुपये ही मर्यादा घालून घेण्यात आली. तांत्रिक मनुष्यबळाचा गाभा दूरसंचार संशोधन केंद्र व मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथून आला, आणि त्यास तरुण अभियंत्यांची जोड मिळाली.

या संस्थेने मोठ्या केंद्राच्या जोडीने १२८ पोर्टचे लहान ग्रामीण केंद्र विकसित केले. रॅक्स या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाऊ लागले. जुलै १९८६ मध्ये कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यातील किट्टूर येथे पहिले रॅक्स कार्यान्वित झाले. राणी चन्नम्मेच्या इतिहासामुळे प्रसिद्ध असलेल्या या गावाला दूरसंचाराच्या इतिहासातही स्थान मिळाले ते यामुळे.

रॅक्सच्या रचनेतील विचारक्रम महत्त्वाचा आहे. वातानुकूलन नाही, धूळ आहे, वीज बेभरवशाची आहे आणि तज्ज्ञ कर्मचारी जवळ नाही, या चार अटी प्रथम स्वीकारल्या गेल्या. त्यानुसार कमी वीज घेणारे मायक्रोप्रोसेसर व अन्य घटकभाग निवडण्यात आले, जेणेकरून यंत्राचे तापमान खोलीच्या तापमानाहून थोडेच अधिक राहावे. परिपथांची फेररचना करून एकूण वीजवापर घटविण्यात आला. त्यानंतर धुळीपासून संरक्षण देणारी व खडबडीत रस्त्यांवरील वाहतूक सोसणारी धातूची पेटी आखण्यात आली. बिघाड झाल्यास सर्किट कार्ड काढून दुसरे बसविणे एवढेच काम गावपातळीवर उरावे, अशीही योजना होती.

येथे उष्णतेचा हिशेब आधी व पेटी नंतर असा क्रम दिसतो. आधीच्या विभागातील गणिताच्या भाषेत सांगावयाचे तर, उष्णतेचा भाजकच लहान पेटीत बसेल अशी अपेक्षा न धरता भाज्यच कमी करण्यात आले. ॲपल थ्रीमध्ये पंखा नको होता तो आवाजामुळे; रॅक्समध्ये वातानुकूलन नको होते ते परवडत नसल्यामुळे. पहिल्यात ती आवड होती, दुसऱ्यात गरज. आवडीने घातलेल्या अटीला पळवाट सापडते. गरजेने घातलेल्या अटीला मुळापासून उत्तर द्यावे लागते.

या बदलाचा आर्थिक अर्थ मोठा होता. केंद्रासाठी ग्रामपंचायतीची किंवा टपाल कार्यालयाची साधी खोली पुरेशी ठरू शकत होती. पित्रोदा यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लेखात कर्नाटकातील एका लहान गावात शंभर वाहिन्यांचे केंद्र आल्यावर सहा महिन्यांत बँकेतील ठेवी ८० टक्क्यांनी वाढल्याचे नमूद केले आहे. ही वाढ केवळ दूरध्वनीमुळे झाली असे एका उदाहरणावरून सिद्ध होत नाही, आणि हे विधान प्रकल्पाच्या प्रणेत्याचे आहे हेही ध्यानात ठेवावे लागते. तथापि बाजारभाव, मालाची मागणी व पैशाचे व्यवहार यांसाठी तालुक्याची खेप वाचणे हा लाभ निर्विवाद होता.

मर्यादा

या यशाचे मूल्यमापन करताना काही मर्यादांची नोंद घेणे आवश्यक आहे. मोठ्या शहरी केंद्राचे सी-डॉटचे काम ठरलेल्या मुदतीत पूर्ण होऊ शकले नाही व त्यावर तीव्र टीका झाली. दुसरे असे की, यंत्राने उष्णता सोसली तरी केंद्राला ऊर्जा देणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीने ती सोसली असे होत नाही. बॅटरीचे आयुष्य उष्ण खोलीत झपाट्याने घटते. शिवाय प्रभारित होताना तिच्यातून हायड्रोजन निघत असल्याने ती हवाबंद पेटीत ठेवता येत नाही. यंत्र पेटीत सुरक्षित असले तरी बॅटरी पेटीबाहेर उकाड्यात राहिली. तिसरे, केंद्र गावात पोहोचले तरी ते शहराशी जोडणारी तार वा बिनतारी दुवा तुटल्यास गाव पुन्हा एकाकी पडत असे. पेटीच्या आतला प्रश्न सुटल्याने पेटीबाहेरचे प्रश्न सुटले नाहीत.

पुढील वाटचाल

वातानुकूलनविरहित रचनेचा हा धागा पुढेही टिकून राहिला. सी-डॉटचे तंत्रज्ञान सार्वजनिक व खासगी क्षेत्रांतील अनेक उत्पादकांना देण्यात आले. १९९० च्या दशकात मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अशोक झुनझुनवाला यांच्या नेतृत्वाखाली कॉरडेक्ट ही बिनतारी ग्राहकजोडणीची पद्धती विकसित झाली. तिच्या रचनेतही भारतीय हवामान व अल्प खर्च यांचा विचार होता.

मोबाइल मनोऱ्यांच्या प्रसारात मात्र जुना पेच नव्याने उभा राहिला. प्रारंभीची अनेक उपकेंद्रे मनोऱ्याच्या पायथ्याशी वातानुकूलित खोलीत बसविली गेली आणि वीज नसलेल्या वेळी त्यांच्यासाठी डिझेल जाळले जाऊ लागले. नंतर उघड्यावर बसविता येणारी, धातूच्या पंखांसारख्या पट्ट्यांमधून उष्णता सोडणारी बंदिस्त यंत्रे प्रचारात आली व वातानुकूलित खोलीची गरज घटली. ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्यात येऊ लागले. तेथील लहान कपाटातही तोच प्रश्न उभा राहतो : विदर्भातील मे महिन्याच्या दुपारी, खिडकी बंद असलेल्या खोलीत, वीज गेलेली असताना हे यंत्र किती तापेल?

निष्कर्ष

१. बंदिस्त पेटीतील उष्णतेवर तीन उपाय संभवतात : अधिक शीतकरण, उष्णतेला सुलभ वाट आणि उष्णतेची मूळ निर्मितीच कमी करणे. पहिला उपाय भांडवल व अखंड वीज यांवर अवलंबून असल्याने तो समाजातील विषमता तशीच ठेवतो. तिसरा उपाय यंत्राला अधिक ठिकाणी नेतो.

२. यंत्राच्या तपशिलात त्याच्या जन्मस्थानाचे हवामान लिहिलेले असते. आयात केलेले तंत्रज्ञान चांगले की वाईट हा प्रश्न अपुरा आहे. ते कोणती खोली, कोणती वीज व कोणता कर्मचारी गृहीत धरते हे तपासणे अधिक उपयुक्त ठरते.

३. रॅक्सचे वैशिष्ट्य एखाद्या नव्या शोधात नसून अटींच्या क्रमात आहे. अल्पवीज घटकभाग जगात उपलब्ध होतेच. खेड्यातील खोलीला रचनेचा आरंभबिंदू मानण्याचा निर्णय मात्र येथे घेतला गेला.

४. तंत्रज्ञानाच्या इतिहासात पेटी, पंखा, गाळणी व बॅटरी यांसारख्या गौण समजल्या गेलेल्या वस्तूंचा स्वतंत्र अभ्यास होणे गरजेचे आहे. वापरातून बाद झालेली रॅक्स केंद्रे भंगारात जाण्यापूर्वी त्यांपैकी काही जतन करणे, तसेच ती सांभाळणाऱ्या निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी नोंदवून ठेवणे, हे काम इतिहास, भौतिकशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांना संयुक्तपणे हाती घेता येण्यासारखे आहे.